आत्मचिंतनासाठी रोजनिशी लिहावी, की बोलून ध्वनिमुद्रित करावी?

मोकळी_ओळ

नमस्कार. महाविद्यालयात असल्यापासून मी रोजनिशी लिहीत आले आहे. तिच्यात हिशेब किंवा दिनक्रम नसतो. दिवसभरात मनात जे साचते, ते तपासून पाहण्याची ती माझी जागा आहे. गेल्या वर्षी सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून त्यांच्या शुश्रूषेचा बराचसा भार माझ्यावर आहे आणि माध्यमिक शाळेतली नोकरीही चालूच आहे. रात्री वही उघडते तेव्हा लिहिणे सुचत नाही असे नाही. पण जे लिहिले जाते ते दुसऱ्या दिवशी वाचताना दुसऱ्याच कोणाचे तरी वाटते. ‘सध्या मनाची ओढाताण होत आहे’ असे वाक्य कागदावर उतरते, आणि प्रत्यक्षात मला त्या दिवशी संताप आलेला असतो.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सुचवले की लिहिण्याऐवजी फोनवर बोलून ठेवावे. त्या स्वतः तसे करतात आणि त्यांना त्याचा उपयोगही होतो. मला मात्र काही शंका आहेत. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. तिथे वही लपवता येते, आवाज लपवता येत नाही. बोलताना माणूस वाहवत जातो, मग त्यातून विचार कसा होणार? आणि आपलेच बोलणे मी पुन्हा कधी ऐकेन का?

मला झोप लागण्यापुरते मन हलके करायचे नाही. ही चिडचिड नेमकी कशाची आहे, ती रास्त आहे का, आणि तिच्याबाबत मी काय करू शकते, हे मला समजून घ्यायचे आहे. या हेतूसाठी दोहोंपैकी कोणता मार्ग अधिक योग्य, हे ज्यांनी दोन्ही वापरून पाहिले आहेत किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सांगावे.

समुपदेशन_नाशिक

ताई, आपण हेतू इतका स्पष्ट सांगितला आहे की उत्तर देणे सोपे झाले आहे. मी समुपदेशक आहे, त्यामुळे आधी संशोधनातून काय दिसते ते सांगते आणि मग माझे मत मांडते.

या क्षेत्रातले पायाभूत काम अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचे मानले जाते. त्यांनी आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले होते. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिले, तर काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक अनुभवावर. ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांना लिहून झाल्यावर लगेच अधिक वाईट वाटले. मात्र पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जाण्याची वेळ त्यांच्यावर तुलनेने कमी आली. केवळ घटनाक्रम लिहिणाऱ्यांना तसा लाभ झालेला दिसला नाही. तेव्हा ‘सासऱ्यांना अंघोळ घातली, औषध दिले, शाळेला उशीर झाला’ एवढीच नोंद होत असेल, तर तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

आपल्या प्रश्नाला अधिक थेट भिडणारे संशोधन सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, २००६ सालचे आहे. त्यांनी आयुष्यातल्या सर्वांत वाईट अनुभवाबद्दल काही जणांना लिहायला, काहींना टेपरेकॉर्डरसमोर एकट्याने बोलायला आणि काहींना फक्त मनात विचार करायला सांगितले. लिहिणारे आणि बोलणारे हे दोन्ही गट नुसता विचार करणाऱ्या गटापेक्षा चांगल्या स्थितीत आढळले. म्हणजे रेषा लेखन आणि बोलणे यांच्यामध्ये पडली नाही. ती पडली शब्दांत मांडणे आणि मनातल्या मनात घोळवत राहणे यांच्यामध्ये. याचे कारण समजण्यासारखे आहे. मनात विचार फिरत असतात तेव्हा वाक्य पूर्ण करण्याची सक्ती नसते, त्यामुळे तीच अर्धी वाक्ये पुन्हा पुन्हा येतात. लिहायचे किंवा बोलायचे म्हटले की एकामागून एक शब्द ठेवावा लागतो, सुरुवात करावी लागते आणि कुठेतरी थांबावे लागते.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, पण मला ती महत्त्वाची वाटते. आनंदाच्या अनुभवांबाबत निष्कर्ष उलटा निघाला. सुखाच्या क्षणाची लेखणी हातात घेऊन चिकित्सा करणाऱ्यांपेक्षा तो क्षण मनात नुसता पुन्हा अनुभवणारे अधिक समाधानी आढळले. म्हणून सासऱ्यांनी बऱ्याच दिवसांनी आपल्याला नावाने हाक मारली, अशा एखाद्या संध्याकाळचे विश्लेषण करण्याची काहीच गरज नाही.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. २००६ मध्येच अशा १४६ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी परिणाम अनुकूल पण लहान असल्याचे दिसले.

आता माझे मत. समजून घेणे हा हेतू असेल तर मी लेखनाकडे झुकते. लिहिताना मागचे वाक्य डोळ्यांसमोर असते. ‘मला कोणी मदत करत नाही’ असे लिहिल्यावर तीनच ओळींनंतर ‘नणंदेला नको म्हटले’ असे लिहिले गेले, तर ती विसंगती आपल्याला दिसते. बोलताना पहिले वाक्य केव्हाच मागे पडलेले असते. पेनेबेकर यांच्या पुढच्या अभ्यासांत असेही आढळले, की दिवसागणिक ज्यांच्या लेखनात कारण शोधणारे आणि उमज व्यक्त करणारे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. आपण आपल्या जुन्या वह्या चाळून पाहा: ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता लक्षात येते’ असे शब्द कुठे येतात आणि कुठे अजिबात येत नाहीत?

एक काळजीची सूचना. लिहून किंवा बोलून झाल्यावर दरवेळी आपण अधिकच खचत असाल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हे साधन पुरेसे नाही असे समजावे. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. शुश्रूषा करणाऱ्या माणसाला स्वतःसाठी मदत मागण्याचा पूर्ण अधिकार आहे.

वऱ्हाडकर

समुपदेशक ताईंचे विवेचन मला पटले, तरी मूळ प्रश्नातल्या एका वाक्याकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही असे वाटते. ‘जे लिहिले जाते ते दुसऱ्याच कोणाचे तरी वाटते’, हे वाक्य माझ्या मते या साऱ्या चर्चेचा गाभा आहे.

मी मूळचा अकोला जिल्ह्यातला. घरी वऱ्हाडी बोललो आणि शाळेत प्रमाण मराठी लिहिली. लेखन म्हणजे निबंध, आणि निबंध म्हणजे शुद्ध, संयत, शेवटी बोध देणारा मजकूर, हे संस्कार इतके खोल गेले आहेत की स्वतःसाठी लिहितानाही कोणीतरी तपासणार आहे असेच मन धरून चालते. वडील गेल्यानंतर मी वहीत लिहिले होते: ‘त्यांच्या जाण्याने जीवनात पोकळी निर्माण झाली आहे.’ त्याच सुमारास एकदा फोनवर ध्वनिमुद्रण करताना तोंडून निघाले: ‘बाबा गेल्यापासून मले गावी जावंसंच वाटत नाई, काहून तं मालूम नाई.’ पहिले वाक्य कोणाच्याही वडिलांबद्दल लिहिता येईल. दुसऱ्यात माझी स्वतःची अडचण होती, आणि तिच्या शेवटी एक खरा प्रश्नही होता. त्या प्रश्नाचा माग काढत गेल्यावर मला कळले की गावी जाणे मी दुःखामुळे टाळत नव्हतो, शेतीच्या वाटणीचा विषय निघेल म्हणून टाळत होतो. पोकळीच्या वाक्यावरून मी तिथवर कधीच पोहोचलो नसतो.

आपल्याकडे बोलून मन मोकळे करण्याची परंपरा लेखनापेक्षा कितीतरी जुनी आणि व्यापक आहे. पहाटे जात्यावर बसून बायकांनी गायलेल्या ओव्यांमध्ये माहेरची ओढ, सासरचा जाच, मुलाबाळांची काळजी आणि देवाशी भांडण, सारे आले आहे. कित्येक ओव्यांत तर जात्यालाच उद्देशून मनातले सांगितले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावी जाऊन अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता येतात आणि त्यांपैकी अनेक गाणाऱ्या बाईंच्याच आवाजात ऐकताही येतात. ज्यांच्या हाती लेखणी आली नाही त्यांनी आत्मचिंतन केले नाही, असे कोणी म्हणू नये.

म्हणून ताई, आपण बोलून पाहा. जागेची अडचण खरी आहे. पण रस्त्याने फोन कानाला लावून बोलत चाललेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. शाळेतून परत येताना एक थांबा अलीकडे उतरून चालत आलात, तर तेवढा वेळ पुरतो. सुरुवातीला तारीख आणि त्या दिवसाची एकच गोष्ट सांगावी. ‘आज दिवसभरात काय काय झाले’ असे सुरू केले की मग फक्त वृत्तान्त होतो.

जुनी_रोजनिशी

वऱ्हाडकरांचे अनुभवकथन प्रामाणिक आहे, आणि निबंधी भाषेचा धोका मलाही मान्य आहे. पण ओव्यांचा दाखला त्यांच्या बाजूने जितका जातो तितकाच विरुद्ध बाजूनेही जातो, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. ओवी हे मोकाट बोलणे नव्हते. तिला छंद होता, यमक होते, आणि जात्याच्या फेऱ्याची लय होती; तेवढ्या चरणांतच सारे बसवावे लागे. शिवाय पुष्कळदा जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसत, म्हणजे ऐकणारी समोर असे. आपण फोनसमोर बोलतो तेव्हा ना चौकट असते, ना ऐकणारे माणूस. अशा बोलण्याला कोणी अडवत नाही, आणि ते कुठे थांबवावे हेही कळत नाही.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि अनेक वर्षे रोजनिशी लिहीत आहे. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न त्या दिवशी काय लिहिले हा नसून नंतर ते कितीदा आणि कसे वाचले हा आहे. आमच्या कामात रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नोंद झाली म्हणजे काम संपत नसे. तिच्यावरून खतावणी केली, म्हणजे त्या नोंदी खात्यांनुसार वेगळ्या मांडल्या, की मगच कोणत्या खात्यात काय चालले आहे ते कळे. रोजनिशीचेही तसेच आहे. मी उजव्या पानावर लिहितो आणि डावे पान कोरे ठेवतो. महिन्याच्या शेवटी मागची पाने वाचतो आणि डाव्या पानावर वेगळ्या शाईने दोनचार शब्दांचे शेरे मारतो: ही तक्रार तिसऱ्यांदा आली, ही भीती निराधार निघाली, हे वचन पाळले नाही. पत्नीच्या आजारपणाच्या काळात या डाव्या पानांनीच मला दाखवून दिले की माझा राग रविवारी वाढत असे, कारण त्या दिवशी मुले येत आणि सल्ले देऊन जात. सोमवार ते शनिवारचे कष्ट मला जड जात नव्हते. हे कळल्यावर मी मुलांना सांगितले की येताना सल्ल्याऐवजी चार तासांची सुट्टी घेऊन या.

हे काम ध्वनिमुद्रणाने होत नाही. महिन्याभराची पाने अर्ध्या तासात वाचून होतात. महिन्याभराचे बोलणे ऐकायला तितकेच तास लागतात जितके ते बोलायला लागले, आणि मधलेच एक वाक्य शोधायचे असेल तर ते कुठे आहे हे सांगता येत नाही. त्यात स्वतःचा थकलेला आवाज ऐकणे पुष्कळांना सहन होत नाही. तेव्हा ताईंनी वही सोडू नये. भाषा बदलावी. घरात जशी बोलता तशीच वाक्ये लिहा, शुद्धलेखनाकडे पाहू नका, आणि खोडू नका. शिक्षिकेला हे सर्वांत अवघड जाईल याची मला कल्पना आहे.

ध्वनिलेखक

तांत्रिक बाजू थोडक्यात मांडतो, कारण ती ठाऊक नसल्याने लोक नंतर अडचणीत येतात.

फोनवरच्या ध्वनिमुद्रणाला जागा फार लागत नाही. नुसत्या बोलण्यासाठी ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) एवढा दर्जा भरपूर होतो, आणि त्या हिशेबाने १५ मिनिटांची फाइल सुमारे ७ एमबीची होते. वर्षभर रोज केले तरी पावणेतीन जीबीच्या आत. ध्वनिमुद्रण आपोआप दुसरीकडे साठवले जाते का, ही बाब मात्र सेटिंगमध्ये जाऊन आधी तपासावी. घरात एकच खाते अनेक उपकरणांवर चालू असेल, तर आपण बोललेले मुलाच्या टॅबवरही दिसू शकते. फाइलला तारखेसोबत विषयाचे दोन शब्द द्यावेत, म्हणजे जुनी_रोजनिशी काकांनी सांगितलेली शोधाशोधीची अडचण निम्मी कमी होते.

बोललेले आपोआप मजकुरात उतरवणे मराठीत शक्य आहे. गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून टंकण्याची सोय २०१७ पासून आहे. पण मन मोकळे करताना माणूस मध्येच थांबतो, शब्द गिळतो, आणि अशा वेळी ती सोय थांबून जाते, म्हणून चिंतनासाठी ती गैरसोयीची वाटते. आधी आवाज मुद्रित करून नंतर उतरवणे बरे. २०२२ मध्ये खुली झालेली ‘व्हिस्पर’ ही बोलणे मजकुरात उतरवणारी प्रणाली आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालवता येते आणि तिला मराठी येते. चुका बऱ्याच होतात, बोलीभाषेत अधिकच होतात. पण कोणत्या दिवशी कशाबद्दल बोललो हे शोधण्यापुरता मजकूर मिळतो. परक्या संकेतस्थळावर अशा फाइल टाकण्याची माझी तरी तयारी नाही.

आणखी एक गोष्ट: घरात मुद्रण केले तर मागे आजारी माणसाचा आवाज येतो. त्यांना न विचारता तो साठवला जातो, याचाही विचार व्हावा.

मोकळी_ओळ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून मी जुन्या वह्या काढल्या आणि समुपदेशक ताईंनी सांगितलेले शब्द शोधले. शाळेबद्दल, मुलीबद्दल लिहिलेल्या पानांवर ‘कारण’ वारंवार येते. सासऱ्यांच्या आजारपणाच्या पानांवर ते जवळजवळ नाहीच. तिथे ‘तरीही’, ‘कर्तव्य’ आणि ‘चालायचेच’ आहे. काकांचे डावे पान मला फार आवडले. पण उजव्या पानावरच जर सारवासारव असेल, तर डाव्या पानावर शेरा तरी कशावर मारणार, असे वाटू लागले आहे.

म्हणून या एका विषयापुरते तरी मी काही काळ बोलूनच पाहायचे ठरवले आहे, घरी येतानाच्या वाटेवर. बाकीच्या गोष्टी वहीत राहतील. काल पहिल्यांदा बोलले. जे निघाले त्यात सासऱ्यांवरचा राग अगदी थोडा होता. बराचसा दिरांवर होता, आणि थोडा यजमानांवर, ते दिरांना काहीच बोलत नाहीत म्हणून. हे मी लिहिले नसते. वही कोणाच्या हाती पडली तर काय, ही भीती लिहिताना मनात असतेच.

आता शेवटची शंका. असे मुद्रण ठेवावे की पुसून टाकावे? ठेवले तर त्याचे ओझे वाटेल, आणि पुसले तर काका म्हणतात ती खतावणी कशी होणार?

समुपदेशन_नाशिक

ताई, वऱ्हाडकरांनी दाखवलेली बाजू माझ्या उत्तरात उणी होती, आणि आपला निर्णय मला योग्य वाटतो. ज्या विषयावर आपले लेखन सावध होते, तिथे बोलण्याला प्राधान्य द्यावे.

ठेवण्याबाबत माझे सांगणे असे. ऐकण्याआधी आठवडाभर जाऊ द्या, कारण त्याच रात्री ऐकले तर तोच संताप पुन्हा उसळतो. आठवड्यानंतर एकदा ऐका आणि ऐकताना स्वतःला नावाने संबोधून पाहा: ‘अमुकला राग कशाचा आला आहे? तिला दिरांकडून नेमके काय हवे आहे?’ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले, की तणावाच्या प्रसंगी ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घेऊन स्वतःशी बोलणाऱ्यांना आपल्या भावनांकडे थोड्या अंतरावरून पाहणे सोपे जाते. मग जे सापडले ते दोनतीन वाक्यांत वहीत लिहा आणि मुद्रण पुसून टाका. अर्थात, काही ऐकावेसेच वाटले नाही तर न ऐकताही पुसले तरी चालेल; बोलताना वाक्य पूर्ण केले, त्याचा लाभ झालेलाच असतो.

जुनी_रोजनिशी

ताई, दोनतीन वाक्ये पुरतात, मी सहमत आहे. फक्त त्यांतले एक वाक्य दिरांना काय सांगायचे याविषयी असावे: आठवड्यातले कोणते दिवस त्यांनी यायचे, रात्रीची जबाबदारी कोणी घ्यायची, परिचारिकेचा खर्च कसा वाटायचा. यजमानांशी बोलायला बसाल तेव्हा वही जवळ असू द्या.

मोकळी_ओळ

होय काका. रविवारी दीर येणार आहेत, त्याआधी यजमानांशी बोलते. रात्रीच्या जबाबदारीचा मुद्दा पहिला घेईन.